विज्ञानाला गोष्ट हवी, गोष्टीला शिस्त हवी

आमच्या वर्गातल्या कोणालाही झोपेतून उठवून कार्बन मोनॉक्साइडचे गुणधर्म विचारा. रंगहीन, गंधहीन, चवहीन, विषारी. हे चार शब्द लिहून मी स्वतः पूर्ण गुण मिळवलेले आहेत. पण गेल्या हिवाळ्याच्या सुट्टीत मी घरी गेलो, तेव्हा ते चार शब्द माझ्या काहीच उपयोगी पडले नाहीत. तेव्हापासून माझे एक मत झाले आहे. ते मांडण्यासाठी हा लेख.

मी भिलाईचा. माझे आजोबा भंडारा जिल्ह्यातून पोलाद कारखान्यात नोकरीला आले आणि तिथलेच झाले. बाबाही त्याच कारखान्यात, गॅसच्या लाइनींवर काम करतात. बाहेर हिंदी आणि छत्तीसगढी, घरात मराठी, आणि आजीची मराठी तर अजून थेट भंडाऱ्याची. आम्ही टाउनशिपमधल्या एका सेक्टरच्या क्वार्टरमध्ये राहतो. जानेवारीत तिथे रात्री चांगलीच थंडी पडते. त्या रात्री आजीने अंगणात शेगडी पेटवली, कोळसे लालभडक होईपर्यंत वाट पाहिली आणि शेगडी उचलून आपल्या खोलीत आणली. दार लावले, खिडकी लावली, खिडकीच्या फटीत जुने धोतर कोंबले आणि ती झोपायच्या तयारीला लागली.

मी धावत गेलो. म्हणालो, "आजी, शेगडी बाहेर ने. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो."

"काहून रे बाप्पा? धूर तर कुठंच नाही दिसून राहिला. कोळसा पुरा लाल झाला, मंगच तर आत आणली."

"आजी, त्याला धूर नसतो. तो रंगहीन, गंधहीन, चवहीन असतो."

आजीने पांघरूण अंगावर ओढले. म्हणाली, "रंग नाही, वास नाही, चव नाही. तं मंग आहे काय त्याच्यात?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. व्याख्या संपली होती. मी आणखी एकदा तीच व्याख्या मोठ्या आवाजात सांगितली, तेव्हा आजी म्हणाली, की शाळेत जाऊन तू मोठ्यांवर ओरडायला शिकलास.

तेवढ्यात बाबा दुसरी पाळी संपवून घरी आले. त्यांनी आधी काही न बोलता शेगडी उचलून अंगणात ठेवली, दार-खिडकी उघडली आणि मग आजीच्या खाटेवर बसले.

"आई, तू दुर्ग स्टेशनवरून ऑटोनं येतेस ना? आपल्या रक्तात तशाच ऑटो फिरतात. लाल ऑटो, चार-चार सीटच्या. छातीत स्टेशन आहे. तिथं हवेतली माणसं बसतात, कोणी मेंदूत उतरतं, कोणी हृदयात, कोणी हातापायांत. ऑटो रिकामी होते, परत स्टेशनवर येते. त्या माणसांवर सारं शरीर चालतं. आता कोळशातून एक भलताच माणूस निघतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, म्हणून त्याला कोणी अडवत नाही. तो स्टेशनवर येतो, धक्का देऊन सीट पकडतो आणि मग उतरतच नाही. एका ऑटोत बसला, दुसरीत बसला, तिसरीत बसला. ऑटो फिरतच आहेत, स्टेशनवर चांगली माणसं उभीच आहेत, पण त्यांना बसायला जागा नाही. तुला काहीच दुखत नाही. थोडं डोकं जड होतं, झोप येते. तुला वाटतं, शेगडीची ऊब लागली."

आजी बराच वेळ गप्प होती. मग उठून तिने खिडकीतले धोतर स्वतःच्या हाताने काढले.

मित्रांनो, बाबांनी जे सांगितले त्यातला एकही मुद्दा माझ्या पुस्तकाबाहेरचा नव्हता. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत ऑक्सिजनसाठी चार जागा असतात. कार्बन मोनॉक्साइड त्याच जागांवर बसतो, आणि ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट बसतो. हे मला पाठ होते. बाबांनी फक्त ते एका म्हातारीच्या ओळखीच्या जागी, दुर्ग स्टेशनबाहेर नेऊन उभे केले. मी माहिती दिली होती. तिला कळले ते बाबांनी सांगितल्यावर.

भिलाईत हा प्रश्न एका शेगडीपुरता नाही. आमच्या गावाचे सारे आयुष्यच या वायूशी बांधलेले आहे. सोव्हिएत संघाच्या मदतीने १९५५ च्या करारानुसार हा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहराच्या खाणीतून येणारे खनिज म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांचे संयुग. भट्टीत कोक जळतो, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि तोच खनिजातला ऑक्सिजन ओढून घेऊन लोखंड मोकळे करतो. म्हणजे देशभरातल्या ज्या रुळांवरून आपण सुट्टीला घरी जातो, ते रूळ घडवण्यात या वायूचाही हात आहे. भट्टीतून बाहेर पडणाऱ्या वायूत त्याचे प्रमाण सुमारे पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त असते, आणि तो वाया न घालवता मोठमोठ्या नळांतून इंधन म्हणून पुन्हा वापरला जातो. हाच वायू नळातून बाहेर निसटला तर काय होते, हेही भिलाईने पाहिले आहे. १२ जून २०१४ रोजी कारखान्यात झालेल्या गॅसगळतीत ६ जणांचा मृत्यू झाला. त्यांत वरिष्ठ अधिकारीही होते. या वायूचे गुणधर्म ज्यांना माहीत होते, अशा जाणत्या लोकांवरही तो प्रसंग आला. मग जिला ते माहीतच नाहीत, तिला चार शब्दांच्या व्याख्येवर सोडून कसे चालेल?

म्हणून माझे पहिले म्हणणे असे : विज्ञान सांगताना गोष्टीची साधने वापरायला आपण लाजू नये. पात्र, प्रसंग, उत्कंठा, ओळखीची उपमा, संवाद ही काही फक्त मराठीच्या तासाची मालमत्ता नाही.

ही वाट आपल्या भाषेत नवीही नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि मग कळले, की हे जगताप म्हणजे जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. नाव पाहून कोणी गुण देऊ नयेत, कथा पाहून द्यावेत, एवढीच इच्छा. कोल्हापुरात जन्मलेले आणि बनारसमध्ये वाढलेले, म्हणजे माझ्यासारखेच महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरातले. केंब्रिजमध्ये नाव कमावलेल्या या माणसाला मराठीत गोष्टी लिहिणे कमीपणाचे वाटले नाही. पुढे त्यांच्या आत्मचरित्राला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि नाशिकच्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्यापैकी अनेकांनी त्यांची धूमकेतूची कथा आठवीच्या इंग्रजी पूरक पुस्तकात वाचली आहे. त्यातले दत्तादा आठवतात ना? स्वतःच्या दुर्बिणीतून धूमकेतू शोधतात. तो पृथ्वीवर आदळणार असे गणित निघते, जगभरचे शास्त्रज्ञ गुप्तपणे एकत्र येतात आणि यान पाठवून त्याची दिशा बदलायचे ठरवतात. दत्तादा घरी परततात तर काय, घरात धूमकेतूच्या शांतीसाठी यज्ञ चाललेला! आठवीत मला ते वाचून हसू आले होते. आता येत नाही. शास्त्रज्ञांना जे पटले, ते दत्तादांच्या स्वतःच्या घरात पोहोचले नव्हते. आजीच्या खाटेपाशी मी उभा होतो तेव्हा माझीही तीच गत होती.

आता दुसरी बाजू. माझा एक वर्गमित्र म्हणतो, "गोष्टी सांगायच्या तर मराठीच्या सरांना सांग. विज्ञानात गोष्ट घुसली की ते पातळ होते." त्याचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही, कारण ते मी स्वतः खरे करून दाखवले आहे.

सुट्टी संपवून शाळेत परत आल्यावर एका रविवारी मी सहावीच्या मुलांना हीच गोष्ट सांगितली. बाबांची गोष्ट मला साधी वाटली, म्हणून मी तिला मसाला लावला. माझा मोनॉक्साइड चोर होता. काळे कपडे घालून तो रात्री खोलीत शिरायचा, खाटेखाली दबा धरून बसायचा आणि माणूस झोपला की झडप घालायचा. मुले डोळे विस्फारून ऐकत होती. मला वाटले, जिंकलो. शेवटी एक छोटा कॅडेट उभा राहिला. त्याच्या गावी थंडीत घरात शेगडी असतेच. तो म्हणाला, "सर, मग मला भीती नाही. मी माळ्यावर झोपतो. तो खाली लपतो ना?"

माझे हातपाय गार पडले. कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूचे वजन २८, हवेचे सरासरी सुमारे २९. तो खाली जाऊन बसत नाही, साऱ्या खोलीत मिसळतो. उलट शेगडीची तापलेली हवा वर चढते आणि त्याला बरोबर घेऊन जाते. माझ्या गोष्टीने त्या मुलाला घाबरवले, रिझवले आणि मग नेमक्या चुकीच्या जागी निर्धास्त करून झोपवले. व्याख्येने निदान कोणाचे वाईट केले नव्हते. मी त्याला तिथेच थांबवून पुन्हा सगळे समजावले, आणि "घरी शेगडी आत आणायची नाही" हे त्याच्याकडून तीनदा वदवून घेतले. पण तो उठून बोलला म्हणून मला कळले. जे बोलले नाहीत, त्यांच्या डोक्यात काय राहिले असते?

म्हणून माझे दुसरे म्हणणे, आणि ते पहिल्याहून महत्त्वाचे : गोष्टीला शिस्त हवी. कसली शिस्त, ते आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही. एन.सी.सी.च्या तासाला आपण सँड मॉडेल करतो. वाळूचा ढीग म्हणजे टेकडी, निळी भुकटी म्हणजे नदी, काड्यापेटीची खोकी म्हणजे गाव. ही कल्पनाच आहे. तरी 'हे काय लहान मुलांसारखे' असे कोणी म्हणत नाही, कारण त्या मॉडेलवरून प्रत्येकाला आपली जागा कळते. पण मॉडेल समजावताना आपण सर्वांत आधी काय सांगतो? उत्तर दिशा आणि स्केल. हा ढीग खऱ्या जमिनीशी कोणत्या नात्याने जोडलेला आहे, हे सांगितल्याशिवाय ब्रीफिंग सुरूच होत नाही. विज्ञानाच्या उपमेलाही अशीच उत्तर दिशा आणि स्केल हवी.

म्हणजे काय? बाबांचीच ऑटो घेऊ. ती कुठपर्यंत खरी आहे? चार जागा खऱ्या, जागा अडवणे खरे. आता स्केल. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के. मोनॉक्साइड दोनशे पटींनी घट्ट बसतो, म्हणून हवेच्या १००० भागांत त्याचा फक्त १ भाग असला आणि माणूस बराच वेळ ती हवा घेत राहिला, तरी तो जवळजवळ निम्म्या सीटा बळकावू शकतो. हा आकडा सांगितला की गोष्ट आणखी भेदक होते. आणि ऑटो कुठे मोडते? बाबा म्हणाले "उतरतच नाही". ते अगदी तंतोतंत नाही. तो उतरतो, पण फार सावकाश. साध्या हवेत निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात. रुग्णाला शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तासात तेवढे काम होते. म्हणून तर अशा माणसाला लगेच मोकळ्या हवेत आणून दवाखान्यात न्यायचे असते. "उतरतच नाही" एवढ्यावरच गोष्ट सोडली, तर ऐकणारा म्हणेल, मग उपचार करून फायदा काय? उपमा कुठे मोडते ते सांगितले तर कोणाचा जीव वाचू शकतो, तो असा.

मसाल्याची गरज नसते याचेही एक उदाहरण सांगतो. पूर्वी इंग्लंडच्या कोळसा खाणींत कॅनरी नावाचे लहानसे पिवळे पक्षी नेत असत. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा उपाय सुचवला. एवढ्याशा पक्ष्याचा श्वास फार जलद, म्हणून विषारी वायूचा परिणाम त्याच्यावर माणसाच्या आधी दिसतो. पक्षी दांडीवरून पडला की खाणकामगारांनी बाहेर पळायचे. काही पिंजऱ्यांना ऑक्सिजनची छोटी नळकांडीही जोडलेली असे. पक्षी पडला की पिंजरा बंद करून त्याला ऑक्सिजन द्यायचा. १९८६ साली ब्रिटनने या पक्ष्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक यंत्रे आणायचे ठरवले. या हकिगतीत एकही शब्द वाढवलेला नाही, तरी ती ऐकल्यावर कार्बन मोनॉक्साइड कोणी विसरेल असे मला वाटत नाही. खऱ्या घटनेत पात्र असते, धोका असतो, सुटकाही असते. आपण फक्त नीट शोधायचे असते. चोर मला बनवावा लागला, कारण मी शोधायचा आळस केला.

वर्गमित्राचा आणखी एक आक्षेप आहे. "आपण उद्या अधिकारी होणार. तिथे हुकूम थोडक्यात द्यायचा असतो, कथाकथन करायचे नसते." बरोबर आहे. आग लागली असताना कोणी गोष्ट सांगत नाही. त्या रात्री बाबांनीही आधी शेगडी बाहेर नेली, मग गोष्ट सांगितली. हुकमाची वेळ वेगळी, समजावण्याची वेगळी. पण हुकूम देणारा समोर नसतो तेव्हा माणूस कसा वागेल, हे त्याला किती समजले आहे यावर ठरते. बाबा रोज रात्री आजीच्या खोलीत येऊन शेगडी उचलू शकत नाहीत. उद्या आपल्या हाताखालचे जवान बर्फाळ चौकीवर, बंद बंकरमध्ये शेकोटीपाशी बसतील, तेव्हा तिथे आपण असूच असे नाही. त्यांच्या लक्षात काय राहिलेले असेल?

मागच्या महिन्यात रविवारच्या फोनवर आजी म्हणाली, की तिने ही गोष्ट आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना सांगितली. त्यांच्या घरीही थंडीत शेगडी आत असते. पण आजीने ऑटो वापरली नाही. "तिले म्हटलं, लग्नाच्या पंगतीत एखादा बसला अन् उठेचना, तं दुसरी पंगत बसन कधी?" मी लगेच मनात तपासले. जागा अडली, हे बरोबर. पण पंगतीत उपाशी राहतो तो बाहेर थांबलेला पाहुणा, आणि इथे उपाशी राहते ते शरीर, म्हणजे यजमान. मी हे आजीला सांगितले. ती म्हणाली, "मंग तसं सांगतो तिले. यजमानच मरते म्हणतो." आजीची गोष्ट दुरुस्त झाली, आणि माझ्यापेक्षा कमी वेळात झाली.

शेवटी एक सूचना, आपल्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी. दरवर्षी आपण परीक्षकांसमोर मॉडेल ठेवतो आणि पाठ केलेले भाषण म्हणतो. पुढच्या वर्षी एक फेरी वाढवावी. प्रत्येक गटाने आपला विषय सहावीच्या एका कॅडेटला आणि मेसमधल्या एका काकांना पाच मिनिटांत समजावून सांगायचा. गोष्ट, उपमा, खरी हकिगत, काहीही वापरा. मग तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यात, सँड मॉडेलवर उत्तर दिशा दाखवतो तसे, दोन ओळींत लिहायचे : आमची उपमा इथपर्यंत खरी, इथून पुढे नाही. आणि गुण कोणी द्यायचे? दुसऱ्या दिवशी त्या कॅडेटला आणि त्या काकांना बोलावून विचारायचे, "काल काय समजले, सांगा." ते जे सांगतील, त्यावर गुण.

पहिल्या वर्षी माझ्या गटाला कमी गुण मिळाले तरी चालेल. कोणी माळ्यावर झोपायला जाणार नाही, एवढे आम्ही नक्की पाहू.